भिंतीवरचे आदर्श आणि विचारता येणारा माणूस

मार्च २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांतील लैंगिक शिक्षणाविषयी एक अहवाल सादर केला. एम. व्यंकय्या नायडू हे समितीचे अध्यक्ष होते. केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला विरोध करणारी याचिका समितीपुढे होती. समितीचा निष्कर्ष असा, की असे शिक्षण शाळेत देऊ नये. लग्नापूर्वी शरीरसंबंध नकोत हा संदेश मुलांना द्यावा. आणि थोर संत, आध्यात्मिक पुरुष, स्वातंत्र्यसैनिक व राष्ट्रपुरुष यांची चरित्रे व शिकवण अभ्यासक्रमात पुन्हा आणावी. महाराष्ट्राला यात नवीन काही नव्हते. साहित्यातल्या चित्रांवर आमदारांनी आक्षेप घेतल्यावर आपल्या सरकारने २००७ मध्येच हा कार्यक्रम थांबवला होता.

अहवालावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि चरित्रांच्या सूचनेची थट्टाही झाली. मला ती सूचना थट्टेची वाटत नाही. मुले माणसांकडे बघून शिकतात, हे कुठल्याही खेड्यातल्या शिक्षकाला ठाऊक असते. प्रश्न एवढाच, की ही चरित्रे समितीने स्वतः वाचली होती काय? मी विद्यापीठातला संशोधक नाही. जुने अहवाल, मासिके आणि चरित्रे जमतील तशी मिळवून वाचायची, हीच माझी संशोधनाची रीत. तेव्हा समितीचा सल्ला शब्दशः मानून शाळेच्या भिंतीवर ज्यांचे फोटो आहेत त्यांचीच चरित्रे एका प्रश्नासाठी पुन्हा वाचली. विद्यार्थ्यांच्या लैंगिक आरोग्याविषयी ही माणसे काय सांगतात? आणि त्यांचे सांगणे माहूरसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते काय?

माहूर का, तेही सांगतो. नांदेड जिल्ह्याचे हे उत्तरेकडचे टोक. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. बंजारा तांडे, गोंड, आंध, कोलाम, परधान यांच्या वस्त्या, आश्रमशाळा आणि वसतिगृहे, कापूस आणि सोयाबीन. आणि या सगळ्याच्या वर गड. साडेतीन पीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया. इथल्या मुलामुलींना आदर्शांची वाण कधीच नव्हती. शाळेतले फोटो नंतर येतात, त्याआधी आजीच्या तोंडून गड येतो.

रेणुकेची कथा इथे प्रत्येकाला पाठ असते. पाणी आणायला गेलेल्या रेणुकेने जलक्रीडा करणारा गंधर्वराजा पाहिला, क्षणभर मन चळले, आणि जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचे मस्तक उडवले. पुढे वर मागून तिला जिवंतही त्यानेच केले. सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारल्यावर परशुराम कावडीतून माहूरला आला, दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली अंत्यविधी झाला, रेणुका सती गेली, आणि नंतर डोंगरातून तिचे फक्त मुख प्रकटले, अशी इथली परंपरा सांगते. शेजारच्या शिखरावर अनसूया. तिच्या कथेतही परीक्षा पातिव्रत्याचीच आहे. तीन देवांनी तिला विवस्त्र होऊन भिक्षा वाढायला सांगितले आणि तिने त्या तिघांचीच बाळे केली.

श्रद्धेच्या गोष्टींवर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या कानावर इच्छा, नजर आणि शिक्षा यांचा संबंध पहिल्यांदा कुठे पडतो, हे बघायचे तर गड टाळून चालणार नाही. एका नजरेची किंमत मस्तक, हा तो पहिला धडा. मुलगा त्याच कथेतून आज्ञाधारकपणा शिकतो. मात्र एक गोष्ट अभ्यासकांच्या सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे लोकांनी निवाडा कोणाच्या बाजूने दिला. नवरात्रात गर्दी लोटते ती आईकडे. जिच्यावर संशय घेतला गेला तिलाच लोकांनी गडावर बसवले आणि तिच्याच पायाशी सगळी गाऱ्हाणी नेली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला सांगता येत नाहीत अशा गोष्टी तिला सांगतात. माहूरच्या परंपरेत विचारता येणारे, निदान सांगता येणारे एक स्थान आहे. फक्त तिथून उत्तर मिळत नाही.

आता शाळेच्या भिंतीकडे वळू. रांगेत बहुधा पहिला फोटो महात्मा गांधींचा. लैंगिक विषयावर त्यांचे मत समितीला नक्कीच पटले असते. संततिनियमनाची साधने त्यांना मान्य नव्हती, संयम हाच मार्ग. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी ते मत बदलले नाही. मला स्वतःला गांधीजींचे हे उत्तर चुकीचे वाटते. शेतात दिवसभर राबणाऱ्या आणि पाठोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बाईला नवऱ्याच्या संयमावर सोडून देणारे ते उत्तर आहे. पण त्यांचे आत्मचरित्र या दृष्टीने पुन्हा वाचले की थक्क व्हायला होते. तेराव्या वर्षी झालेले लग्न, त्या वयातली वासना, बायकोवर घेतलेला संशय, वडील शेवटच्या घटका मोजत असताना आपण कुठे होतो याची कबुली, हे सगळे त्यांनी जाहीरपणे लिहिले. बालविवाहाच्या बाजूने एकही नैतिक युक्तिवाद दिसत नाही, असेही तिथेच म्हटले. अनोळखी तरुण त्यांना या विषयावर पत्रे लिहीत आणि ते छापील उत्तरे देत. म्हणजे फोटोतल्या माणसाला विचारता येत होते. शाळेने फोटो ठेवला, बकरीचे दूध ठेवले, चरखा ठेवला. तेरा वर्षांच्या नवऱ्याची ती प्रकरणे मात्र माझ्या पाहण्यातल्या एकाही चरित्रपाठात आलेली नाहीत.

त्याच्या शेजारी जोतीराव आणि सावित्रीबाई. सावित्रीबाईंची जयंती म्हणजे भाषणे, रांगोळी आणि शेणगोळ्यांचा प्रसंग. मुलींची शाळा सगळ्यांना माहीत असते. त्याच दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, हे परीक्षेत एका ओळीत येते आणि त्या ओळीचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. दिवस गेलेल्या विधवेने तिथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यायचे की ठेवायचे हे तिने स्वतः ठरवावे, असे ते आवाहन होते. तिला कुणी फसवले, का फसली, याची चौकशी नाही. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांचा हा डॉक्टर मुलगा कुणाच्या पोटचा होता हे सांगताना आवाज खाली येतो. आज माहूर किंवा किनवटच्या वसतिगृहातल्या मुलीवर तशीच वेळ आली, तर फुले दांपत्याच्या त्या आवाहनातला एकही शब्द तिच्या कानावर पडेल असे मला वाटत नाही.

तिसरा फोटो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. मराठवाड्यात तो केवळ शाळेत नाही, घराघरात आहे. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० चे. त्यातून आमच्याकडे शिकलेली पहिली पिढी उभी राहिली. वसतिगृहातला प्रत्येक मुलगा बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या तासांचे दाखले देतो. त्याला हे सांगितले जात नाही, की नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाच्या वतीने मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाची साधने सरकारने उपलब्ध करावीत असा ठराव आला होता. बाबासाहेबांच्या गैरहजेरीत त्यांचे भाषण त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी मांडले. गरिबीबरोबरच बाईचे शरीर आणि बाळंतपणाचा तिच्यावर पडणारा भार हा त्या मांडणीचा पाया होता. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९३४ मध्ये ते एका अशा माणसाचे वकील म्हणून उभे राहिले होते, ज्याचा फोटो कुठल्याच शाळेत नाही.

तो माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांच्यासाठी भारतरत्न मिळालेल्या महर्षी कर्व्यांचा हा मुलगा. वडील भिंतीवर आहेत, मुलगा नाही. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, १९२३ मध्ये संततिनियमनावर आणि गुप्तरोगांवर पुस्तके लिहिली, आणि १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. त्यांच्या आयुष्यातल्या खटल्यांची चर्चा बरीच होते. मला मात्र ही नोकरी जाण्याची घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. लैंगिक आरोग्यावर बोलायला तयार असलेला आणि विद्यार्थ्यांच्या रोजच्या सहवासातला शिक्षक, असा योग मराठी समाजात क्वचितच जुळला. जुळला तेव्हा समाजाने त्याला वर्गातून बाहेर काढले. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मृत्यूपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते मुलांना भेटण्याचा दरवाजा बंद झाल्यानंतर. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असलेले ते मासिक शाळेत जाणे शक्यच नव्हते. गणिताच्या तासानंतर थांबून सरांना हळूच विचारणारा मुलगा आणि ते मासिक लपवून वाचणारा मुलगा, यांच्यात फार अंतर आहे.

तरी त्या मासिकाचा प्राण वाचकांची पत्रे हाच होता. नाव न देता लोक विचारत, कर्वे छापील उत्तर देत. हस्तमैथुन, समलैंगिकता, लग्नाच्या रात्रीची भीती. उत्तर कोरडे, थोडक्यात आणि प्रश्नकर्त्याला न लाजवणारे. १९३४ चा खटला झाला तो अशा उत्तरांवरूनच. विकृत प्रश्नांना उत्तरे द्यायची कशाला, या आक्षेपावर बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता, की विकृती असेल तर ती जाईल ज्ञानानेच. खटला हरला, दंड भरावा लागला. बाबासाहेब आणि रघुनाथराव कोर्टात एका बाजूला उभे, हा प्रसंग कुठल्याही शालेय पुस्तकात शोभला असता.

कर्व्यांवर मराठीत दोन महत्त्वाच्या कलाकृती झाल्या. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ चा चित्रपट, आणि औरंगाबादच्या अजित दळवींनी लिहिलेले, अतुल पेठेंनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक, ज्यात गिरीश कुलकर्णी कर्वे झाले. दोन्ही चांगल्या आहेत. नाटक तर खटल्यांभोवती इतके नेटके बांधले आहे की प्रेक्षक शेवटी कर्व्यांच्या बाजूने होतोच. तक्रार त्याच जागी आहे. नायक कोर्टात उभा राहिला की तो आदर्श होतो, आणि आदर्श झाला की प्रेक्षक त्याला हात जोडून घरी जातो. कर्व्यांना शहीद म्हणून पाहणे सोपे आहे. पत्राला उत्तर लिहीत बसलेला कंटाळवाणा, चिकाटीचा माणूस रंगवणे अवघड आहे, आणि विद्यार्थ्याच्या कामाचा तोच आहे.

इथे एक गंमत नोंदवतो. ‘ध्यासपर्व’मध्ये कर्वे झालेले किशोर कदम २०१३ च्या रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’मध्ये चाळीतले कदम काका झाले. चाळीत एक मुलगी ‘शेण खाऊन’ येते, म्हणजे काय हे मुलांना कुणी सांगत नाही, मग विशू नावाचा जरा मोठा मुलगा त्यांना पुस्तके आणि कॅसेटची वाट दाखवतो. शेवटी मुलांशी सरळ बोलतात ते कदम काका. ते महापुरुष नाहीत. जिन्यात भेटतात, आईवडिलांच्या ओळखीचे आहेत, आणि ऐकून घेतल्यावर लगेच घरी सांगायला धावत नाहीत. त्यांचे बोलणे काहीसे उपदेशाकडे झुकते, हे खरे. पण चित्रपटाने नेमके हेरले आहे, की विशूला हरवायचे असेल तर विशूइतकाच जवळचा माणूस हवा. माहुरात चाळ नाही आणि कॅसेटही राहिली नाही. विशू आता प्रत्येक मुलाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. कदम काकांची जागा रिकामीच आहे.

‘सैराट’चेही नाव घ्यायला हवे, कारण २०१६ नंतर आमच्या भागातल्या मुलांचे खरे आदर्श आर्ची आणि परश्या हेच होते. बुलेट चालवणारी, सगळ्यांसमोर आपले प्रेम सांगणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदा पडद्यावर पाहिली, आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. ही जोडी पळून हैदराबादला जाते. आमच्याकडच्यांनाही पळायचे तर हैदराबादच जवळचे. पुढे संसार उभा राहतो, मूल होते. दोन कोवळ्या जिवांनी परक्या शहरात ते मूल कधी आणि कसे ठरवले, ठरवले की नुसते झाले, यावर चित्रपट गप्प आहे. त्याचा विषय जात आहे, त्यामुळे दिग्दर्शकाला दोष देता येत नाही. पण आदर्श म्हणून बघणाऱ्या मुलांना नेमका तोच भाग अंधारात राहतो.

भिंतीवर एका बाईचा फोटो असायला हवा होता, तो म्हणजे डॉ. रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने दावा लावला. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल आला तेव्हा तिने तुरुंग चालेल म्हणून सांगितले. पुढे तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. या खटल्याने पेटलेल्या वादानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची अट दहावरून बारा वर्षांवर आली. संमती या शब्दाचा अर्थ नववीच्या वर्गाला समजावून सांगायला याहून चांगली गोष्ट मराठीत नाही. आणि ती जुनी झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण जवळपास निम्म्यावर होते.

थोडक्यात, समितीचा सल्ला मानला तर समितीचीच अडचण होते. या चरित्रांतून नको असलेल्या गर्भारपणाबद्दल दया, संततिनियमनाची साधने, मुलीची संमती आणि स्वतःच्या वासनेची जाहीर कबुली, एवढे सगळे निघते. शाळेने माणूस ठेवला आणि त्याचे हे काम पुसून टाकले.

पण चरित्रे न कापता शिकवली तरी पुरेल काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने, डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्न न झालेल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास. असे एकूण २२५ तास. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, किमान सातवी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या. डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही, कीर्तनकारही नाही. या गावांतले मुलींच्या लग्नाचे मध्यक वय काही वर्षांत सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष म्हणजे काय, असे शहरातला वाचक विचारील. सोळा आणि सतरा यांच्यात दहावीची परीक्षा असते, आणि पहिल्या बाळंतपणात जीव वाचण्याची शक्यता वाढलेली असते.

पाचोडची बाई मुलींना आदर्श वाटली असेल का? तिच्याकडे आरतीचे ताट घेऊन कुणी गेले नसणार. पण ती त्याच गल्लीतली, तिचेही लग्न बहुधा लवकरच झालेले, आणि तरी रोज संध्याकाळी दिवा लावून शिकवायला बसणारी. मुलगी तिच्याकडे बघून म्हणू शकत होती की हिला जमले तर मलाही जमेल. पश्चिम बंगालमधल्या पंचायतींवर लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे सरपंचपद सलग दोनदा स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी पालकांच्या अपेक्षांतली दरी पंचवीस टक्क्यांनी आणि खुद्द मुलामुलींच्या मनातली दरी बत्तीस टक्क्यांनी कमी झाली होती. एकदाच राखीव असलेल्या गावांत असा फरक दिसला नाही. माणूस जवळचा हवा आणि टिकणाराही हवा. केनियातला पास्कलीन दुपा यांचा अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. संयमावर भर देणाऱ्या सरकारी अभ्यासक्रमासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देऊन मुलींच्या गर्भारपणात फरक पडला नाही. मोठ्या वयाच्या पुरुषांपासून एचआयव्हीचा धोका जास्त असतो, ही नेमकी माहिती चाळीस मिनिटांत दिली तेव्हा गर्भारपण अठ्ठावीस टक्क्यांनी घटले. नुसता आदर्श पुरत नाही, त्याच्याकडे माहितीही लागते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांचे ‘तारुण्यभान’ याच वाटेवरचे आहे. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन खेड्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि त्यांपैकी बहुतेकींची तपासणी पूर्वी कधीच झालेली नव्हती. बायकांचे ऐकल्यावर त्या तरुणांकडे वळल्या, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शिबिरांविषयी माझी शंका एकच. शिबिर उठते, ताई निघून जातात, आणि खरा प्रश्न महिन्याने पडतो. तेव्हा गावात कोण असते?

सरकारचे उत्तर कागदावर तयार आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात आशाताईच्या क्षेत्रामागे दोन मुलगे आणि दोन मुली यांना समवयस्क शिक्षक म्हणून निवडायचे असते. कल्पना उत्तम. निवड कशी होते ते बघा. सर आणि मॅडम ज्याला आदर्श विद्यार्थी समजतात, त्याचे नाव जाते. पहिला नंबर, शांत, मोठ्यांचे ऐकणारा. अशा मुलाला वर्गातले कुणी हे प्रश्न विचारत नाही, कारण तो सरांना सांगेल अशी खात्री असते. ज्या मुलीकडे बाकीच्या मुली पाळीबद्दल, पोटदुखीबद्दल, गावातल्या पोराने दिलेल्या चिठ्ठीबद्दल बोलतात, ती बहुधा मागच्या बाकावर असते आणि तिचे नाव यादीत येत नाही. आदर्श मोठ्यांनी निवडायचे आणि विश्वास लहानांनी ठेवायचा, असा हा व्यवहार आहे.

दुसरी अडचण गंभीर आहे. ज्याला आदर्श मानले, त्याच्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही. महाराष्ट्रातल्या शाळा, वसतिगृहे आणि मठ यांतून जी अत्याचाराची प्रकरणे बाहेर येतात, त्यांत आरोपी पुष्कळदा गावाने मान दिलेला माणूस असतो. म्हणून एकाच थोर माणसावर सगळे सोपवण्याला माझा विरोध आहे. विचारता येईल अशी दोन-तीन माणसे हवीत, त्यांतली निदान एक बाई, आणि त्यांच्यापैकी कुणाची तक्रार करायची तर ती कुठे करायची हे मुलांना आधीपासून माहीत हवे.

तिसरी अडचण कायद्याची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलामुलींशी कुठलाही लैंगिक संबंध गुन्हा आहे, आणि तो कळल्यावर पोलिसांना न सांगणे हाही गुन्हा. अत्याचाराच्या प्रकरणांत ही तरतूद हवीच. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मुलाकडून दिवस गेल्यावर आशाताईकडे आली, तर ताईपुढे दोनच रस्ते राहतात, पोलिसात जा किंवा न ऐकल्यासारखे करा. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिची व पालकांची विनंती असेल तर, डॉक्टरने पोलिसांना कळवण्याची गरज नाही, असे म्हटले. हा दिलासा मोठा आहे, पण तो डॉक्टरपुरता. माहूर तालुक्यातल्या तांड्यावरची मुलगी डॉक्टरपर्यंत जायच्या आधी ज्या बाईशी बोलते, तिच्या डोक्यावरची टांगती तलवार तशीच आहे.

आणि वसतिगृहे. राज्यातल्या काही आदिवासी वसतिगृहांत सुटीवरून परतणाऱ्या मुलींकडून गर्भचाचणीचा दाखला मागितल्याच्या बातम्या अलीकडे आल्या. चाचणीचा कागद मागणाऱ्या अधीक्षिकेकडे मुलगी पाळी चुकल्याचे सांगायला कधी जाणार? तिथल्या भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो असेल, जयंतीला हारही असेल. गुपचूप बाळंत हो, आम्ही आहोत, असे म्हणणाऱ्या बाईच्या फोटोखाली हा कागद मागितला जातो.

पाचोडसारखा वर्ग माहुरात चालवायला पैसा फार लागणार नाही. बचत गटांतल्या सातवी-दहावी शिकलेल्या बाया आहेत, अंगणवाडीची खोली आहे. अडचण वेळेची आहे. पाचोडच्या मुलींचा तास संध्याकाळी होता, कारण दिवस शेतात आणि घरकामात जायचा. आमच्याकडे कापूस वेचणी सुरू झाली की संध्याकाळही मोकळी राहत नाही, आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांतल्या मुली दिवाळीनंतर सहा महिने गावातच नसतात. तास कधी ठेवायचा आणि शिकवायला कोणती बाई हवी, या दोन्ही गोष्टी इथल्या मुलींना अजून कुणी विचारलेल्या नाहीत.